सांकाई जुकूबद्दल कोणाशी तरी बोलायचं होतं

शेवंती_पुणे

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा धागा काढायचा मनात होतं पण धीर होत नव्हता, कारण माझ्या ओळखीत कोणालाच हे नाव माहीत नाही आणि सुरुवात कुठून करायची तेच कळत नव्हतं. पण २०२४ च्या मार्चमध्ये उशिओ आमागात्सु गेले, ७४ वर्षांचे होते, आणि तेव्हापासून हे डोक्यातून जातच नाहीये, तर लिहितेच आता.

सांकाई जुकू हा जपानी नाचाचा ग्रुप आहे. जुकू म्हणजे शिकवणीची जागा, शाळा म्हणा, आणि सांकाई म्हणजे डोंगर नि समुद्र. १९७५ साली आमागात्सुंनी तो सुरू केला. त्याआधी ते दायराकुदाकान नावाच्या ग्रुपमध्ये होते, १९७२ ला तो ग्रुप उभा राहिला त्यात त्यांचाही हात होता. तिथून बाहेर पडून त्यांनी वर्षभराचं एक शिबिर घेतलं, तीसेक जणं आली होती, त्यात बायकाही होत्या, आणि वर्ष संपेपर्यंत उरले फक्त तीन पुरुष. म्हणून हा ग्रुप पुरुषांचा झाला. लोक त्यात फार मोठा अर्थ शोधतात, पण खरं कारण एवढंच की जे टिकले ते पुरुष होते.

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे चार वर्षं तोक्योत होते तेव्हा पहिल्यांदा यांचा प्रयोग बघितला. "मेगुरी" नावाचा, २०१५ चा आहे. माझी पार्श्वभूमी भरतनाट्यमची, अकरा वर्षं शिकले, म्हणजे माझ्या अंगात ताल आणि मुद्रा बसलेल्या, नाच म्हटलं की पाय वाजले पाहिजेत. पडदा उघडला तर मागे अख्खी भिंत समुद्रातल्या जुन्या जीवांच्या ठशांची, म्हणजे दगडात जसे जीवाश्म सापडतात तशी, आणि माणसं डोकं भादरलेली, अंगभर पांढरा रंग, खाली लांब झगे. आणि हालचाल इतकी सावकाश की पहिली दहा मिनिटं मी अस्वस्थ होऊन घड्याळ बघत होते. मग चार जणं जमिनीवर पाठीवर आडवी पडली आणि हातपाय वर करून हळूहळू हलवायला लागली, तान्हं बाळ पाळण्यात करतं ना अगदी तसं. माझा मुलगा तेव्हा पाच महिन्यांचा होता, शेजारणीकडे ठेवून आले होते. मला एकदम रडूच आलं. का आलं ते तेव्हा कळलंच नाही.

नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की आमागात्सुंच्या डोक्यात कायम हीच एक गोष्ट होती. पोटातलं बाळ पाण्यात तरंगत असतं, त्याला वजन नाही. जन्माला आलं की पहिल्यांदा जमीन त्याला खाली ओढते. मग ते पालथं पडतं, बसतं, धरून उभं राहतं, आणि माणूस म्हातारा झाला की परत आडवा होतो. नाच म्हणजे गुरुत्वाकर्षणाशी चाललेलं बोलणं असं ते म्हणायचे आणि त्यावर त्यांचं छोटं पुस्तकही फ्रेंचमध्ये आलंय. मला हे आवडतं कारण यात काही गूढ नाही, ज्याने घरात मूल वाढवलंय आणि ज्याने घरातलं म्हातारं माणूस उठवून बसवलंय त्याला हे माहीतच आहे.

कोणी बघितलंय का यांचं काही? लिहा प्लीज.

टिपूर

शेवंतीताई, मस्त धागा. मी बघितलेलं नाही पण बुतो हा शब्द ऐकलाय. हे तेच ना? पांढरा रंग लावून वेडेवाकडे चेहरे करतात ते? खरं सांगायचं तर मला त्याची भीती वाटते.

शेवंती_पुणे

टिपूर, हो तेच, आणि भीती वाटते यात चूक काहीच नाही, सुरुवातीला ते तसंच होतं. बुतो सुरू झालं १९५९ मध्ये, तात्सुमी हिजिकाता नावाच्या माणसाने केलं. तो उत्तरेकडच्या आकिताचा, बर्फ, भातशेती आणि गरिबी. त्यांच्याकडे शेतावर जाताना लहान पोरांना गवताच्या टोपलीत घट्ट बसवून बांधावर ठेवायचे, आईबाप दिवसभर चिखलात काम करणार आणि पोर तिथे पाय दुमडून बसलेलं. संध्याकाळी बाहेर काढलं की पायच सरळ होत नसत. हिजिकाताच्या नाचात ते आखडलेले पाय आहेत. बॅलेत जसं टाचा उचलून आकाशाकडे जायचं असतं त्याच्या बरोब्बर उलट, खाली, मातीकडे. त्याच्या बरोबरीने काझुओ ओनो होते, ते तर नव्वदी ओलांडल्यावरही नाचत होते आणि २०१० मध्ये १०३ वर्षांचे होऊन गेले.

आमागात्सु त्यांच्या पुढच्या पिढीचे, १९४९ चा जन्म, योकोसुकाचे, म्हणजे समुद्राकाठचे. त्यांच्याकडे तो चिखल नाही, वाळू आणि पाणी आहे. वेडेवाकडे चेहरेही नंतर नंतर कमी होत गेले. तू त्यांच्या "हिबिकी" या कामापासून बघ, भीती नाही वाटणार.

घुंगुरवाट

मी पॅरिसला शिकायला होते तेव्हा तिथल्या तेआत्र द ला व्हील या थिएटरमध्ये यांचा "कागेमी" बघितलाय! तिथे यांना घरचेच समजतात. १९८० मध्ये हे लोक फ्रान्समधल्या नान्सी शहरातल्या नाट्यमहोत्सवाला आले आणि तिथून युरोपभर फिरत राहिले, आणि १९८२ पासून तेआत्र द ला व्हीलने यांच्या नव्या कामांना पैसा आणि रंगमंच दिला. साधारण दोनेक वर्षांनी एक नवीन काम आणि त्याचा पहिला प्रयोग बहुतेक वेळा पॅरिसमध्ये, असं कित्येक वर्षं चाललं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. इतक्या सावकाश नाचाला कोणीतरी इतकी वर्षं थांबायची तयारी दाखवली. आपल्याकडे एखाद्या ग्रुपला दोन वर्षं फक्त एका कामावर बसू देणारं कोण आहे हे मला सांगा.

"कागेमी"त कमळाची पानं आहेत, पांढरी, मोठ्ठी, सुरुवातीला ती जमिनीलगत असतात आणि नर्तक त्यांच्यात, आणि मग सगळी पानं एकदम हळूहळू वर उचलली जातात आणि डोक्यावर छतासारखी थांबतात. म्हणजे आत्तापर्यंत आपण तळ्याच्या वर होतो आणि आता तळ्याच्या खाली गेलो. काहीही न बोलता, लाइटचा झगमगाट न करता. माझ्या शेजारी एक म्हातारे फ्रेंच आजोबा होते त्यांनी तेव्हा श्वास सोडला तो मला ऐकू आला, एवढी शांतता.

दर्यावर्दी

चांगला विषय. थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. माझा एक मित्र नाटकात काम करतो तो म्हणतो की खरे बुतोवाले सांकाई जुकूला नावं ठेवतात, की हे फार सुंदर आहे, फार गुळगुळीत केलंय, युरोपातल्या मोठ्या थिएटरसाठी. घाण, वेदना सगळी धुऊन टाकली. त्याचं मला पटतं थोडंफार. आणि ते दोराला उलटं लटकून इमारतीवरून खाली यायचे ना? तो मला स्टंटच वाटतो. लोक जमवायला केलेला.

शेवंती_पुणे

दर्यावर्दी, राग कसला. पहिला मुद्दा बरेच जण मांडतात आणि तो अगदीच खोटा नाही. "किनकान शोनेन" हे त्यांचं १९७८ चं काम, त्यात मागच्या भिंतीवर ट्यूना माशांच्या शेकडो शेपट्या ठोकलेल्या, खऱ्या, आणि आमागात्सु एक जिवंत मोर उराशी धरून नाचायचे. मोर मध्येच सुटून स्टेजवर फिरायला लागायचा. त्यात कच्चेपणा आहे, वास आहे. नंतरच्या कामात सगळं स्वच्छ होत गेलं हे खरं. पण मला त्यात विकाऊपणा दिसत नाही. त्याच "किनकान शोनेन"च्या सुरुवातीला शाळेच्या गणवेशातला, टोपी घातलेला मुलगा प्रेक्षकांकडे तोंड करून उभा असतो, बराच वेळ नुसता उभा, आणि मग गुडघे न वाकवता फळीसारखा मागे धाडकन पडतो. सगळी सांकाई जुकू त्या पडण्यात आहे. पुढची चाळीस वर्षं तेच वेगवेगळ्या तऱ्हेने केलंय.

मी स्वतः ते करून बघितलंय, गादीवर. तीन गाद्या एकावर एक. नाही जमत. दर वेळी शेवटच्या क्षणाला गुडघा वाकतोच किंवा हात मागे जातो, शरीर ऐकतच नाही. आठवडाभर रोज करत होते, एकदाच जमलं आणि तेव्हा पोटात जो खड्डा पडला तो अजून आठवतो. त्यामुळे ते नुसतं सुंदर आहे असं मला कोणी म्हटलं की मी म्हणते, एकदा पडून बघा.

दोराचं मात्र मला नीट लिहायला पाहिजे, घाईत नको. रात्री लिहिते.

सिअॅटलकर

शेवंती, दोराचं मी लिहू का? मी इथे अमेरिकेत सिअॅटलला १९ वर्षं राहतेय आणि ती जागा माझ्या ऑफिसच्या रस्त्यावर आहे.

पायोनिअर स्क्वेअर म्हणून जुना भाग आहे, विटांच्या इमारती. त्यातली म्युच्युअल लाइफ बिल्डिंग, सहा मजली. १० सप्टेंबर १९८५ ला चार नर्तक छतावरून दोराला पाय वर आणि डोकं खाली असे लटकून सावकाश खाली येत होते, अंग आधी मुटकुळं केलेलं आणि उतरता उतरता हळूहळू उलगडायचं, असं ते असायचं. जन्माचं रूप. खाली रस्त्यावर शेकडो लोक बघायला जमलेले, ऑफिसातून बाहेर आलेले. योशियुकी ताकादा यांचा दोर तुटला. साधारण ८० फूट. ते गेले. ३१ वर्षांचे होते.

माझी एक जुनी सहकारी त्या दिवशी खाली उभी होती. ती सांगते की पहिले काही क्षण लोकांना वाटलं हा नाचाचाच भाग आहे. ती हे सांगताना दर वेळी थांबते. मी नवीन होते तेव्हा तिने मला त्या इमारतीपाशी नेऊन बोट दाखवून सांगितलं होतं, इथे. मी तिथून रोज जाते आणि वर बघितल्याशिवाय जात नाही.

दर्यावर्दी, तुम्ही स्टंट म्हणालात ते तुम्हाला माहीत नसेल म्हणून म्हणालात, पण मला ते वाचून लागलं म्हणून लिहिलं.

दर्यावर्दी

सिअॅटलकर, मनापासून माफी मागतो. खरंच माहीत नव्हतं. मी स्वतः सह्याद्रीत रॅपलिंग करतो, लोकांना शिकवतो, दोर म्हणजे काय ते मला माहीत आहे, त्यामुळे तुमचं वाचून जास्तच हललो. उलटं लटकल्यावर सगळं वजन घोट्यांवर येतं, डोक्यात रक्त भरतं, दोन मिनिटांत डोळ्यांच्या मागे ठणकायला लागतं. त्या अवस्थेत हात इतका सावकाश उलगडायचा की खालच्याला तो फूल उमलल्यासारखा दिसावा, हे स्टंटवाल्याचं काम नाही. स्टंटवाला लवकर खाली येतो. मी शब्द मागे घेतो.

टिपूर

वाचून सुन्न झाले. मग त्यांनी नाचणं थांबवलं नाही?

शेवंती_पुणे

सिअॅटलकरताई, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, मला तसं लिहिता आलं नसतं.

टिपूर, तो दौरा तिथेच थांबला. ग्रुप थांबला नाही. आणि मला ज्यासाठी हा धागा काढायचा होता ते हेच आहे. पुढच्याच वर्षी, १९८६ ला, "उनेत्सु" आलं. त्याचं पूर्ण नाव काहीसं असं आहे की अंडं कुतूहलापोटी उभं राहतं. स्टेजवर उथळ पाणी. वरून एका बाजूला पाण्याची बारीक धार पडतेय आणि दुसऱ्या बाजूला वाळूची, अखंड, प्रयोग संपेपर्यंत. आणि उभी ठेवलेली अंडी. जोडीदार वरून पडून गेलाय आणि वर्षाच्या आत हा माणूस असं काम घेऊन येतो ज्यात सगळा वेळ वरून काहीतरी खाली पडतंय, आणि त्याच्या शेजारी अंडं उभं आहे. ते ताकादांसाठी केलं असं त्यांनी म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही आणि मी तसं म्हणतही नाही. पण मला ती धार बघताना दुसरं काही सुचत नाही.

पडणं सोडून देता आलं असतं त्यांना. सरळ दुसऱ्या विषयाकडे वळता आलं असतं. नाही वळले. २०१२ च्या "उमुसुना"तही वाळूची धार आहेच.

अनुजा_के

मी प्रकाशयोजना करते, हौशी नाटकांसाठी, त्यामुळे माझ्या कामाचं बोलते. यांचे व्हिडिओ बघताना मी एक गोष्ट बघत बसते, ती म्हणजे तो पांढरा रंग. नर्तकाने हात झटकन हलवला की अंगावरची पावडर उडते आणि बाजूने येणाऱ्या लाइटमध्ये ती धुरासारखी दोनतीन सेकंद तशीच राहते, हात तिथून गेलेला असतो पण हाताची जागा हवेत दिसते. त्यासाठी लाइट बाजूने आणि खालून पाहिजे, समोरून टाकला की मेलं सगळं. आणि पांढऱ्या अंगाला रंग लगेच चढतो, थोडा निळा टाकला की माणूस बुडालेला, थोडा पिवळसर अंबर टाकला की मातीचा. आमच्याकडे स्पर्धेला समोरून फटाफट सगळे पार दिवे टाकायची सवय आहे, मी आता भांडून बाजूचे लाइट मागते.

"हिबिकी"बद्दल कोणी लिहा ना. त्याला लंडनचं ऑलिव्हिए हे नाट्यपारितोषिक मिळालं होतं ना?

घुंगुरवाट

हो अनुजा, २००२ ला, नवीन नृत्यकामासाठीचं. काम १९९८ चं. जमिनीवर वाळू पसरलेली, त्यावर काचेची मोठी उथळ भांडी, त्यात पाणी, आणि एका भांड्यात लाल. वरून थेंब पडतात आणि तो ट्प्प आवाज अख्ख्या थिएटरमध्ये फिरतो. ताकाशी काको आणि योइचिरो योशिकावा यांचं संगीत. हिबिकी म्हणजे घुमणारा नाद.

अवांतर, पण त्याच वर्षी, १९९८ लाच, आमागात्सुंनी लिऑंला पीटर ओत्वोशचा, चेखवच्या "तीन बहिणी" नाटकावरचा ऑपेरा दिग्दर्शित केला होता आणि त्यात बहिणींच्या भूमिका पुरुष गायकांनी केल्या होत्या. माझ्या प्राध्यापिका त्याबद्दल वर्गात तासभर बोलल्या होत्या.

टिपूर

एक बाळबोध प्रश्न. सगळ्यांची डोकी भादरलेली, सगळे पांढरे, मग ओळखायचं कोणाला कसं? आणि आता आमागात्सु नाहीत तर ग्रुप चालू आहे का?

शेवंती_पुणे

बाळबोध अजिबात नाही. ओळखायचं पाठीवरून आणि हातांवरून. चेहरा पुसून टाकला की पाठ बोलायला लागते. सेमिमारू म्हणून एक आहेत, सुरुवातीपासूनचे, त्यांची मान आणि खांदे मी लांबून ओळखीन. तोरू इवाशिता यांची बोटं. मग ताकेउची शो, इचिहारा आकिहितो, मात्सुओका दाय ही नंतरची मंडळी.

ग्रुप चालू आहे. आमागात्सुंनी ही तयारी खूप आधीपासून केली होती असं मला वाटतं. २००५ ला त्यांनी "किनकान शोनेन" नव्याने बसवलं तेव्हा स्वतःच्या जागा तरुण नर्तकांना वाटून दिल्या. जो मुलगा फळीसारखा पडतो ती जागा सत्तावीस वर्षांपूर्वी त्यांची स्वतःची होती. आपलं पडणं दुसऱ्याला शिकवायचं म्हणजे काय असेल, विचार करा. आमच्या गुरूंनी त्यांचं आवडतं पद मला दिलं तेव्हा त्या महिनाभर माझ्याशी नीट बोलल्या नव्हत्या, इतकं ते जड गेलं होतं त्यांना. २०२३ ला "टोटेम" आलं. म्हणजे शेवटपर्यंत काम चालू होतं. ४० हून जास्त देश आणि सातशेच्या घरात शहरं झाली आहेत त्यांची आत्तापर्यंत.

सिअॅटलकर

शेवंती, तुमच्या पहिल्या पोस्टमधलं बाळाचं वाक्य परत वाचलं. माझे वडील गेल्या वर्षी नाशिकला गेले. शेवटचे दोन महिने अंथरुणावर होते आणि मी सुट्टी काढून गेले होते. त्यांना उठवून बसवायचं म्हणजे आधी कुशीवर वळवायचं, मग पाय पलंगाखाली सोडायचे, मग मानेखाली हात घालून, बाबा आता, एक दोन तीन. सहा-सात मिनिटं लागायची. सुरुवातीला मी घाई करायचे आणि त्यांना त्रास व्हायचा. नंतर शिकले. मध्ये थांबायचं, त्यांचा श्वास जागेवर आला की पुढे. परत आल्यावर एका रात्री यांचा व्हिडिओ लावला, त्यात एक माणूस जमिनीवरून उठतो, आधी कूस, मग कोपर, मग गुडघा, आणि मध्ये थांबतो. मी बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी परत लावला.

शेवंती_पुणे

सिअॅटलकरताई 🙏 काय लिहू. वेगळा निरोप पाठवते तुम्हाला.

दर्यावर्दी

पुढच्या वर्षी मुलीकडे युरोपात जाणं आहे. यांचा प्रयोग तिकडे लागला तर तिकीट काढणार, नक्की. पहिल्यांदा बघणाऱ्याने काय लक्षात ठेवावं? पुढची रांग घ्यावी का?

शेवंती_पुणे

दादा, पुढची रांग नका घेऊ. पुढून चेहरे दिसतात पण जमीन दिसत नाही, आणि यांचं अर्धं काम जमिनीवर असतं. वाळूत पाय ओढत गेल्यावर ज्या रेघा उमटतात, पाण्यात जी वर्तुळं होतात, ती वरूनच दिसतात. बाल्कनीची पहिली किंवा दुसरी रांग, मधोमध. पोटभर जेवून जाऊ नका, झोप येते, माझ्या नवऱ्याला आली होती. खोकल्याच्या गोळ्या आधीच कागदातून काढून खिशात ठेवा, कारण तिथे कागदाचा आवाज सगळ्यांना ऐकू जातो. आणि संपलं की लगेच उठू नका. नमस्कार करायला ते येतात तोही इतका सावकाश असतो की लोक टाळ्या वाजवता वाजवता थांबून बघत राहतात, हात खाली जातात, वळतात, परत वर येतात, पाचेक मिनिटं तरी. घाईची गाडी पकडायची असेल तर पुढची पकडा.

दर्यावर्दी

लिहून ठेवलं. बाल्कनी, मधोमध.